चूर्ण कुटायला टाकण्याआधी दर लिहून घ्या

गेल्या महिन्यात आईला गुडघ्यांसाठी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. बाहेर रिक्षाची वाट बघत होतो, तर पन्नाशीचे एक गृहस्थ आपणहून बोलायला आले. "माझ्या आईचंही असंच होतं हो. आता काठीसुद्धा सुटली." चिठ्ठीवर चूर्णाचं नाव लिहून दिलं, दुकानही दाखवलं. दवाखान्यांबाहेर असे लोक कमिशनवर उभे असतात, हे मला नंतर कळलं.

दुकानात समोरच खलबत्ता होता. सुंठ, मिरी, पिंपळी मी लगेच ओळखली. आजी सर्दीला त्रिकटू मधातून चाटवायची, तिन्ही समभाग. त्यात दालचिनी आणि वेलदोडे पडले. शेवटी एका बिननावाच्या डबीतली राखाडी पूड. "हीच मुख्य," एवढंच उत्तर मिळालं. कुटताना असा वास सुटला की आई म्हणाली, "अगदी आपल्या घरच्यासारखा आहे रे." त्या वासावरच आम्ही भरवसा ठेवला.

आधी दर विचारला होता. "एकशे साठ" म्हणाले. मला वाटलं, पुडीचे. सगळं कुटून, चाळून, एकत्र केल्यावर हिशोब आला 9,600 रुपये. दर ग्रॅमचा होता आणि चूर्ण भरलं 60 ग्रॅम. "आता कुटलेलं कुणाला विकू? आईपेक्षा पैसे मोठे का?" तोवर दोघं जण दारात येऊन उभे राहिले होते. आईचा हात थरथरायला लागला. मी मोबाइलवरून पैसे देऊन टाकले. बिल मागितलं, मिळालं नाही.

आमच्या वैद्यांनी चूर्ण हुंगून बाजूला ठेवलं. सुंठ-दालचिनीचा वास इतका दांडगा, की त्याखाली काहीही लपतं. सांधेदुखीच्या अशा निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. त्याने रक्तातली साखर वाढते, आणि आईला मधुमेह आहे. त्यांनी एक चिमूटही घेऊ दिली नाही. आयुर्वेदिक औषधाच्या पाकिटावर घटकद्रव्यं, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि तारीख असायला हवी. आमच्या पुडीवर साधी रेघसुद्धा नव्हती. आणि मसाले म्हणाल, तर तेवढे किराणा दुकानात शंभर-दीडशे रुपयांत येतात.

त्या गृहस्थांची चिठ्ठी, पैसे दिल्याची नोंद आणि न वापरलेली पुडी घेऊन मी पोलीस चौकीत तक्रार देऊन आलोय. कुणाला तशीच चिठ्ठी मिळाली असेल तर फेकू नका.