स्लॉट अ‍ॅप सात महिने वापरून: 10 लावले, 4 आले, तरी "जिंकलात!"

फेब्रुवारी 2025 ला टाकलं, ऑगस्टला काढलं. ग्राफिक्स, वेलकम बोनस वगैरे सगळ्यांना माहितीये, त्यावर लिहीत नाही. मला त्या आवाजाबद्दल लिहायचंय.

दहाची बेट लावायची, रील, म्हणजे चित्रांच्या उभ्या पट्ट्या, फिरून थांबतात, नाणी पडल्याचा खळखळाट होतो आणि सोनेरी अक्षरांत येतं "जिंकलात 4 रुपये". अरे, दहा गेले चार आले, म्हणजे सहा गेले की माझे! एकदा रात्री जेवणं झाल्यावर खेळत होतो, बायको ओटा आवरत होती, तिकडूनच म्हणाली, "आज बरेच आले वाटतं." तिला नुसता आवाज ऐकू येत होता. बॅलन्स बघितला तर 600 चे 410 झालेले. आणि तोपर्यंत मलाही तेच वाटत होतं की आज चांगलं चाललंय.

दुसऱ्या दिवशी आवाज बंद केला, वही-पेन घेतलं आणि दहा-दहाचे 100 स्पिन लिहून काढले. नाणी 29 वेळा पडली. त्यातल्या 18 वेळा दहापेक्षा कमी आले होते, म्हणजे खरं जिंकणं फक्त 11 वेळा. हजार लावून 835 परत.

सुरुवातीला मत चांगलं होतं हे पण सांगतो. पहिल्याच आठवड्यात 900 काढले आणि बँकेत आले. मी मेथीच्या जुडीला पाच रुपये कमी करून घेणारा माणूस, मला वाटलं व्यवहार चोख आहे. मे मध्ये 2,200 काढायला टाकले तर "48 तास लागतील", आणि त्याच्याच खाली मोठं हिरवं बटण, "रद्द करून खेळा". भरायला यूपीआयने दोन सेकंद, काढायला दोन दिवस! तीनदा टाकले, तिन्ही वेळा रात्री अकरानंतर मीच रद्द केले, आणि 2,200 मधला एक रुपया घरी आला नाही. कस्टमर केअरशी चॅटवर खूप भांडलो, तेव्हा वाटायचं यांची सिस्टीमच स्लो आहे.

नंतर वाचत गेलो तसं मत बदललं. ब्रिटनमध्ये 31 ऑक्टोबर 2021 पासून ऑनलाइन स्लॉटवर नियम आहेत: लावले त्यापेक्षा कमी किंवा तेवढेच आले तर जिंकल्याचा आवाज-रोषणाई करायची नाही, एक स्पिन अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपवायचा नाही, ऑटोप्ले (आपोआप स्पिन होत राहणं) बंद, आणि काढायला टाकलेले पैसे परत खेळात ओढायची सोय बंद. माझी सगळी तक्रार त्या यादीत होती! कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या लोकांनी खेळणाऱ्यांच्या हाताचा घाम मोजला होता, तर अशा खोट्या जिंकण्यालाही शरीर खऱ्या जिंकण्यासारखंच उत्तेजित होतं. म्हणजे आपण अडाणी म्हणून फसतो असं अजिबात नाही, अंगच फसतं. दोन घंटा लागून तिसरी एक घर वर थांबते ना, त्या "थोडक्यात हुकलं" चंही तसंच, हरलेलो असतो पण बोट परत स्पिनवर. आणि बक्षीस कधी येईल ते ठरलेलं नसलं की कबुतरसुद्धा चोच मारायचं थांबत नाही, हे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कधीच दाखवून ठेवलंय.

अजून एक हिशोब, कारण मी पण 96 टक्के परतावा वाचून खूश झालो होतो. ते 96 टक्के प्रत्येक स्पिनवर असतात, तुम्ही भरलेल्या पैशावर नाही. तीन सेकंदाला एक स्पिन म्हणजे तासाला 1,200, दहाप्रमाणे 12,000 ची उलाढाल, त्याचे 4 टक्के म्हणजे सरासरी तासाला 480 रुपये जाणार. खिशात हजार असले तरी!

ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन गेम बंद झाले, तरी टेलिग्रामवर लिंका फिरतातच. कोणी अजून खेळत असेल तर कळकळीने सांगतो, आवाज बंद करा आणि 100 स्पिन कागदावर लिहा. सुटत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट आहे.

माझे एकूण भरले 23,400, आले 9,150.