एकाच जागचा डाग आणि माझे 42,400 रुपये

लाज वाटतेय लिहायला पण लिहितो. जुन्या विलायती नट्यांचे फोटो घ्यायला गेलो, नकली मिळाले, 42,400 गेले. एलेन टेरीचं लेडी मॅकबेथच्या वेषातलं 1888 चं कॅबिनेट कार्ड (जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना स्टुडिओ फोटो) 16,000, सारा बर्नहार्ट 14,500, लिली लँगट्री 11,250 आणि वर कुरिअरचा इन्शुरन्स म्हणे 650. घरी बायकोला 4,000 सांगितलेत, ओळखीचं कोणी वाचत असेल तर प्लीज.

विकणाऱ्याची पद्धत अशा फसवणुकीत नेहमीची असते तीच. आधी 1,800 ला एका अनोळखी नटीचं छोटं कार्ड दिलं, ते एकदम अस्सल, मग आजोबा लंडनला होते, अल्बम मोडायचाय, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय वगैरे. मी नवखा नाहीये हो, 9 वर्षं जमवतोय, पण टेरीचा तो बीटल किड्यांच्या पंखांनी मढवलेला ड्रेस समोर आला की कोणाचंही डोकं चालायचं थांबतं.

माती खाल्ली ती इथे. त्याने व्हॉट्सॲपवर मागच्या बाजूंचे फोटो पाठवले. टेरीचं कार्ड विंडो अँड ग्रोव्ह स्टुडिओचं, म्हणजे लंडनचं. बर्नहार्टचं सॅरोनी स्टुडिओचं, म्हणजे न्यूयॉर्क, ती 1880 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर होती तेव्हाचं. आणि दोन्हींवर खाली डाव्या कोपऱ्यात तपकिरी डाग, सेम आकार, सेम जागा. मला दिसला होता! रात्री साडेअकराला झूम करून बघितला आणि मीच स्वतःला पटवलं की अल्बमच्या एका खिशात पाठीला पाठ लावून असतील, एकाचा डाग दुसऱ्याला लागला असेल. अरे, मग तो दुसऱ्यावर उजवीकडे उमटायला नको? म्हणजे डागच छापलेला, एवढं साधं सुचलं नाही. पाच मिनिटांत जीपे केलं.

पार्सल आलं, भिंग लावलं, सगळीकडे प्रिंटरचे ठिपके. जुना अल्ब्युमेन फोटो म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला पातळ कागद, जाड कार्डावर चिकटवलेला, भिंगातून बघितलं तर ठिपके नसतात. इथे चिकटवलेलं काही नाहीच, थेट पुठ्ठ्यावर छापलंय. 350 रुपयांची यूव्ही टॉर्च मारली तर पुठ्ठा निळा चमकला, ट्यूबलाइटसारखा, म्हणजे नवाच. हीच टॉर्च आधी घेतली असती तर.. जाऊ दे. (न चमकला म्हणजे अस्सल, असंही नाही, नीट ऐका.)

मग बँक. "पेमेंट तुम्हीच ऑथराइज केलंय सर." हेल्पलाइनला 40 मिनिटं म्युझिक ऐकलं. पोलीस स्टेशनला तीन खेपा, तिन्ही वेळा वेगळे साहेब. पहिले म्हणाले फोटो घेतले, फोटो मिळाले, मग फसवणूक कुठे? दुसऱ्यांनी फोटोचा गैरवापर समजून लिहायला घेतलं आणि मला म्हणतात, ज्या बाईंचे फोटो आहेत त्यांना तक्रार द्यायला घेऊन या. साहेब, त्यातल्या बर्नहार्ट बाई 1923 लाच वारल्या. तिसऱ्यांनी विचारलं, जुन्या फोटोला कोण 16 हजार देतं? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मागे बसलेला हवालदार हसत होता.

तुम्ही घेणार असाल तर विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर कार्ड उजेडात तिरकं धरायला सांगा, टाळाटाळ केली की ब्लॉक. पहिला स्वस्त सौदा चांगला झाला म्हणून दुसऱ्या सौद्यात तपासणी ढिली करू नका, तोच गळ असतो. ॲडव्हान्स तर अजिबात नाही. आणि मागची बाजू बघा, सगळ्या कार्डांच्या मागच्या बाजू शेजारी शेजारी ठेवून बघा.

तक्रार अजून "अंडर प्रोसेस". त्याचा नंबर बंद. लँगट्रीच्या मागे पण तोच डाग आहे, फक्त तिचा मागचा फोटो मी मागितलाच नव्हता.