स्पॅनिश अंक-वय कार्डसंच: सहा महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत विश्रामबागेतल्या रविवारच्या वर्गात ५ ते ८ वर्षांच्या मुलांसोबत हा संच जून ते नोव्हेंबर वापरला. ० ते ३१ ची ३२ कार्डं, वय विचारण्या-सांगण्याची ८, आणि मोबाईलवर ऐकायचे उच्चार. अंकांसाठी संच उत्तम आहे. वयाची कार्डं मात्र दिलेल्या क्रमाने अजिबात वापरू नका.

आधी उच्चार. ८ च्या कार्डावर ‘ओचो’ छापलंय. आपली मुलं तिथे ‘चोर’मधला च लावतात, हवा असतो ‘चहा’तला. पेनाने ‘ओच्यो’ करून घ्या, लगेच सुधारतं. ११ चं स्पेलिंग इंग्रजी ‘वन्स’सारखंच, त्यामुळे इंग्रजी माध्यमाची मुलं ‘ओन्से’ऐवजी हमखास तेच वाचतात. पहिले तीन आठवडे रोमन अक्षरांवर कागदाची पट्टी चिकटवून ठेवा. ५ च्या कार्डावर ‘सिंको’ आणि आवाजात ‘थिंको’ येतं. पहिला लॅटिन अमेरिकेतला उच्चार, दुसरा स्पेनच्या बऱ्याच भागातला. दोन्ही बरोबर, पण लहानांना एकच द्यावा.

आठवड्याला पाचच अंक घ्या. सेइस आणि सिएते (६ आणि ७) एका दिवशी नकोत, ते कायम अदलाबदल होतात. ११ ते १५ पाठच करावे लागतात. १६ पासून सोपं: दिएसिसेइस म्हणजे दहा-आणि-सहा. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आणली होती. स्पॅनिशचं बेइन्तिउनो त्याच घडणीचं, त्यामुळे तशी मोजायची सवय असलेल्या मुलांना २१ च्या पुढे अडत नाही.

आता वय. स्पॅनिशमध्ये माणूस अमुक वर्षांचा ‘असत’ नाही, त्याच्याकडे तितकी वर्षं ‘असतात’: तेंगो सिएते आन्योस. संच थेट हेच वाक्य देतो, आणि मुलं ‘मी आहे’ला जुळवून ‘सोय सिएते’ म्हणून मोकळी होतात. त्याआधी बेदाणे घ्या. मुलाच्या मुठीत सात बेदाणे द्या आणि विचारा, ‘क्वान्तास पासास तिएनेस?’ (तुझ्याकडे किती बेदाणे आहेत?) मूठ उघडून, मोजून त्याने सांगायचं, ‘तेंगो सिएते पासास.’ चार-पाच मुलांना विचारून झालं की त्याच दमात ‘क्वान्तोस आन्योस तिएनेस?’ (तुझं वय किती?) उत्तर आपोआप ‘तेंगो’ने सुरू होतं. ‘क्वान्तास’चं ‘क्वान्तोस’ का झालं ते या वयात समजावत बसू नका, नुसतं कानावर पडू द्या. (बेदाणे वाटीतच ठेवा, कार्डांना चिकटतात.)

तीन चुका हमखास होतात. घरी ‘सातवं चालू आहे’ म्हणायची पद्धत असल्याने मूल सात सांगतं, पण स्पॅनिशमध्ये पूर्ण झालेली वर्षं मोजतात, म्हणजे सहा. धाकट्या भावंडाचं वय सांगताना ‘उनो’ नाही, ‘तिएने उन आन्यो’. आणि ‘आन्यो’तला न्य जपाच: साधा न आला तर तो शरीराच्या गुदद्वाराचा शब्द होतो. अनोळखी मोठ्या माणसाला विचारायचं ‘तिएने उस्तेद’चं कार्ड संचात आहे, ते फार चांगलं. तू-तुम्हीचा फरक मुलांना घरूनच ठाऊक असतो, शिकवावा लागत नाही.

कार्डांचं लॅमिनेशन कागदाच्या कडेलाच कापलेलं आहे. पावसाळ्यात ओल आत शिरून ऑगस्टपर्यंत कोपरे सुटले. नव्याने १२५ मायक्रॉनच्या पाऊचमध्ये घालून, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर प्लास्टिक सोडून कापलेली कार्डं अजून धड आहेत.