लंडन ते पॅरिस: विमान की युरोस्टार?

लंडन-पॅरिस हे सरळ रेषेतलं अंतर साधारण 344 किलोमीटर, म्हणजे मुंबईहून रस्त्याने रत्नागिरी गाठण्याएवढं. विमान प्रत्यक्ष हवेत असतं ते पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. धावपट्टीवरचं रेंगाळणं धरून वेळापत्रकात सव्वा ते दीड तास दाखवतात. युरोस्टार रेल्वे सव्वादोन-अडीच तास घेते. तरीही पर्यटकाने रेल्वेच धरावी, असं माझं मत आहे.

तिकिटावरच्या वेळा वाचताना आधी एक लक्षात घ्या: पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं. त्यामुळे जाताना सकाळी दहाला सुटलेलं विमान सव्वाबारा-साडेबाराला पोचतं आणि परतीचं मात्र वीस-पंचवीस मिनिटांतच पोचल्यासारखं दिसतं. निव्वळ या आकड्यांवरून तुलना करू नका.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशोब मांडू. मध्य लंडनहून हीथ्रोला सुमारे तासभर, तिथे दोन तास आधी हजर, दीड तासाचं विमान, पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर पासपोर्ट आणि सामानासाठी पाऊण तास, पुढे आरईआर बी या लोकल गाडीने शहरात यायला जवळपास तेवढाच. सहा तास सहज जातात. रेल्वेचं स्टेशन सेंट पँक्रास, तेही शहरातच. तासभर आधी गेलात तर एरवी पुरतं, सुट्टीच्या गर्दीत थोडं आणखी लवकर. ब्रिटनमधून निघताना फ्रान्सचे पासपोर्ट अधिकारीही तिथेच तपासणी करतात, त्यामुळे पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनला उतरलं की तडक बाहेर. सगळं मिळून चार-सव्वाचार तास. वाटेत 1994 साली सुरू झालेला 50 किलोमीटरचा बोगदा लागतो. त्यातले सुमारे 38 किलोमीटर इंग्लिश खाडीखाली आहेत, पण बघण्यासारखं काही नाही, वीसेक मिनिटं नुसता काळोख.

सामानाच्या बाबतीतही रेल्वे उदार आहे. साध्या तिकिटावर 85 सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि हातातली एक छोटी नेता येते, वजनकाटा नाही. बॅगा चढवायच्या-उतरवायच्या मात्र आपल्यालाच, तेव्हा आई-बाबा सोबत असतील तर आधीच विचार करा. लोणच्याच्या बरणीला रेल्वेत हरकत नाही. तूप आणि पेढे मात्र रेल्वेनेही नको, विमानानेही नको. ब्रिटनमधून फ्रान्समध्ये दूध-मांसाचे पदार्थ न्यायला प्रवाशांना बंदी आहे.

विमान कधी घ्यावं? तुम्ही स्लाव किंवा हाउन्स्लोला राहत असाल तर हीथ्रो घराजवळच, मग वरचा हिशोब बराच बदलतो. पॅरिसहून त्याच दिवशी मुंबईचं विमान असेल, तर एकाच तिकिटात दोन्ही विमानं घ्या: पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय करणं विमान कंपनीकडे येतं. रेल्वेचं तिकीट वेगळं काढून विमान चुकलं, तर तो खर्च तुमचा.

भाडं दोन्हीकडे तारीख जवळ आली की चढतं. स्वस्त विमान दिसलं तर बॅगेचे पैसे आणि विमानतळापर्यंतचा खर्च त्यात मिळवून मगच रेल्वेशी ताडून बघा.

भारतीय पासपोर्टवर दोन वेगळे व्हिसा लागतात, ब्रिटनचा आणि शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक). पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचा बेत असेल, तर शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा नाही ना, हे तिकीट काढण्याआधी पाहून घ्या.