शाळेच्या सभागृहातील नवी मंडळी: तीन रविवारांच्या उपासनेचा अभिप्राय

नोकरीनिमित्त अहिल्यानगर सोडून पिंपरी-चिंचवडला आल्यापासून घराजवळ मराठी ख्रिस्ती उपासना कोठे मिळेल, याचा शोध मी वर्षभर घेत होते. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचे काम आमच्या गावी १८३१ मध्ये सुरू झाले, त्यामुळे मराठीतून गाणे आणि मराठीतून प्रार्थना करणे ही आमच्या घरात चार पिढ्यांची सवय आहे. अलीकडेच एका शाळेच्या सभागृहात सुरू झालेल्या लहान मंडळीविषयी, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समुदायाविषयी, कळले आणि सलग तीन रविवार मी आईला घेऊन तेथे गेले. नव्या माणसाला अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून उपासनेची आखणी किती बारकाईने करता येते, हे मी तेथे पाहिले.

दारात उभ्या असलेल्या काकांनी ‘सलाम’ म्हणून हात जोडले, आईच्या चालण्यावरून तिचे गुडघे दुखतात हे ओळखून कडेची खुर्ची दाखवली आणि हातात उपासनाक्रमाचे चार पानी पत्रक दिले. त्यांनी आणखी काही विचारले नाही, याचे मला फार समाधान वाटले. यापूर्वी दुसऱ्या एका मंडळीत पहिल्याच दिवशी आम्हा दोघींना सर्वांसमोर उभे करून नाव, गाव आणि ‘याआधी कोठे जात होता’ हे विचारण्यात आले होते. हेतू चांगलाच असेल, पण आई त्यानंतर कितीतरी महिने कोठेही यायला तयार होत नव्हती.

या पत्रकाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. केव्हा उभे राहायचे, उत्तरवाचनात मंडळीने कोणती ओळ म्हणायची आणि बसून राहिले तरी चालेल असे भाग कोणते, हे सर्व त्यात ठळक अक्षरांत छापलेले आहे. येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ पूर्ण दिली आहे, कारण ती प्रत्येकाला पाठ असेलच असे आयोजकांनी गृहीत धरलेले नाही. प्रत्येक खुर्चीवर पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, एकाच आवृत्तीची प्रत ठेवलेली असते आणि शास्त्रपाठापुढे अध्याय व वचनांबरोबर पृष्ठ क्रमांकही दिलेला असतो. तिसऱ्या रविवारी आमच्या शेजारच्या वहिनी कुतूहलाने सोबत आल्या होत्या. त्या कधीही चर्चमध्ये गेलेल्या नव्हत्या, तरी याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्यांना माझ्याआधी सापडला. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा देणाऱ्या आणि गरिबाला उभे ठेवणाऱ्या मंडळीला याकोब जे खडसावतो, तो हा भाग. त्या दिवशीचा संदेशही, म्हणजे प्रवचनही, त्यावरच होता.

गायनाची निवड मला सर्वांत अधिक भावली. पेटी, तबला आणि झांजा यांच्या साथीने तीन गीते होतात, त्यांतली दोन जुनी असतात आणि त्यांत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे एक तरी असतेच. टिळकांनी अभंगाच्या वळणाने लिहिलेली गीते भजन ऐकत वाढलेल्या कोणत्याही मराठी माणसाच्या कानाला ओळखीची वाटतात. वहिनी दुसऱ्या कडव्यापासून ध्रुपद म्हणू लागल्या होत्या. पहिली ओळ गायक एकदा एकटा म्हणून दाखवतो आणि मग मंडळी उचलते, ही पद्धत नव्या मंडळ्यांनी अवश्य घ्यावी. मात्र तिसरे, नव्या चालीचे गीत पडद्यावर रोमन लिपीत दाखवले जाते. माझ्या आईसारख्या ज्येष्ठांना ते वाचता येत नाही, आणि मराठी गीतासाठी देवनागरी का नको, हे मला समजलेले नाही.

अर्पणाच्या वेळी पाहुण्यांनी थैली निःसंकोच पुढे द्यावी, असे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, स्वतः सांगतात. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा विधी, महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. ते कोणी घ्यावे आणि न घेणाऱ्यांनी जागेवर शांत बसून राहावे, हे आधीच सौम्य शब्दांत स्पष्ट केले जाते. भाकर आणि द्राक्षरस सर्वांच्या हाती पोहोचेपर्यंत कोणीही घेत नाही. करिंथकरांना पौलाने लिहिलेले ‘एकमेकांची वाट पाहा’ हे वचन तेथे कृतीत दिसते, आणि आईचे थरथरणारे हात स्थिर होईपर्यंत सगळी मंडळी खरोखरच थांबली होती.

उणिवाही आहेत. संदेश पाऊण तासापेक्षा लांबतो आणि शेवटची दहा मिनिटे पुनरावृत्तीत जातात. मुलांच्या धर्मशिक्षणाची शब्बाथशाळा त्याच सभागृहाच्या मागच्या भागात पडद्याआड भरते, त्यामुळे मागे बसलेल्यांना संदेशापेक्षा मुलांचेच अधिक ऐकू येते. शाळेने एखादा वर्ग दिल्यास हा प्रश्न सुटेल. प्रवेशद्वारातील दोन पायऱ्यांवर लाकडी उतार बसवणे तर अगदीच तातडीचे आहे. चहाच्या वेळी भरून घेतला जाणारा फोन नंबरचा अर्ज पहिल्याच दिवशी पुढे करू नये, ऐच्छिक आहे असे त्यावर लिहिलेले असले तरी.

उपासना सकाळी साडेनऊला सुरू होते आणि सव्वाअकराच्या सुमारास आशीर्वचनाने संपते. कडेच्या खुर्च्या मोजक्याच असल्यामुळे घरातील ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी सव्वानऊपर्यंत पोहोचावे. येत्या रविवारचा शास्त्रपाठ वाचाल का, असे पाळकसाहेबांनी आईला तिसऱ्या आठवड्यात, चहा घेताना, बाजूला येऊन विचारले. ती सध्या रोज संध्याकाळी तेविसावे स्तोत्र मोठ्याने वाचून सराव करीत आहे.