पंचावर हात उचलला गेला तर: संघटना की पोलीस?

सामन्यात मार खाल्लेल्या, डोळा सुजलेल्या एका तरुण पंचाने विचारलं, "तक्रार खेळाच्या संघटनेकडे करू की पोलिसांत?"

वेगात संघटना पुढे. तुर्कस्तानात 11 डिसेंबर 2023 ला अंकारागुजू फुटबॉल क्लबचे अध्यक्ष फारुक कोजा यांनी मैदानात येऊन पंच हलील उमुत मेलर यांना ठोसा मारला. मेलर खाली पडल्यावर इतरांनी लाथाही घातल्या. तिथल्या फुटबॉल महासंघाने तीनच दिवसांत कोजांवर कायमची बंदी घातली. न्यायालयाने साडेतीन वर्षांहून अधिक कैद सुनावली, ती मात्र नोव्हेंबर 2024 मध्ये.

पुराव्याचं म्हणाल, तर संघटनेकडे पंचाच्या अहवालाला मोठं वजन असतं. खटल्यात मात्र साक्षीदार, चित्रीकरण आणि वैद्यकीय दाखला लागतो. तो त्याच दिवशी घ्याच. सूज काही दिवसांत ओसरते.

आवाका? संघटनेचा हात खेळाडू, प्रशिक्षक, क्लबपर्यंतच पोहोचतो. कुंपण ओलांडून आलेल्या प्रेक्षकाला तिची कसली भीती?

शिवीगाळ, धक्काबुक्की असेल आणि तो माणूस पुन्हा मैदानात नको असेल, तर संघटना. इजा, जिवे मारण्याची धमकी किंवा बाहेरचा हल्लेखोर असेल, तर आधी पोलीस. संघटनेला अहवाल त्याच रात्री.