प्रवासी विमान कंपनी की पोलीस दलाची हवाई शाखा?

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती आला की 200 तासांची नोंदवही घेऊन बहुतेक जण विमान कंपन्यांकडेच अर्ज करतात, आणि त्यात गैर काहीच नाही. मीही तेच केले. काही वर्षे मुंबईहून प्रवासी जेट उडवल्यानंतर मी एका केंद्रीय पोलीस दलाच्या हवाई शाखेत कंत्राटावर रुजू झालो. कुटुंब तेव्हाही नागपुरात होते, आजही आहे.

पोलीस वैमानिक म्हणजे आकाशातून गाड्यांवर नजर ठेवणारा माणूस, हा गैरसमज आधी दूर केलेला बरा. अमेरिकेत महामार्ग पोलिसांचे वैमानिक लहान सेसना विमानातून घिरट्या घालत वेगाने जाणाऱ्या गाड्या हेरतात. आपल्याकडे पोलीस दलाच्या विमानाचे काम प्रामुख्याने माणसे आणि सामान नेण्या-आणण्याचे असते. सीमा सुरक्षा दलाची हवाई शाखा 1969 पासून आहे आणि एम्ब्रेअर, सुपर किंग एअर यांसारखी विमाने तिने वापरली आहेत. गडचिरोलीच्या जंगलात उतरणे हे हेलिकॉप्टरचे काम. आमच्या विमानांची धाव नागपूरचे सोनेगाव, रायपूर किंवा रांचीच्या धावपट्टीपर्यंतच.

पगारात विमान कंपनी पुढे आहे, यावर वाद नको. प्रशिक्षणाच्या कर्जाचे हप्ते चालू असतील तर बहुधा तिकडेच जावे. उड्डाणाचे तासही तिथे भराभर साठतात. विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्याचे 1500 तास पोलीस शाखेत पूर्ण होण्यास, माझ्या अंदाजाने, दुप्पट वेळ लागू शकतो. उलट, तापलेल्या हवेत विमान कमी वजन उचलते, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी पारा 45 अंशांवर असताना किती माणसे आणि किती इंधन घ्यायचे याचा हिशेब सहवैमानिकासोबत कागदावर मांडण्यात जो कस लागतो, तो मला ठरावीक मार्गांवर क्वचितच लागला. जोखीम लपवण्यात अर्थ नाही. 22 डिसेंबर 2015 रोजी दिल्लीहून रांचीला निघालेले सीमा सुरक्षा दलाचे सुपर किंग एअर कोसळून 10 जणांचा मृत्यू झाला होता आणि मी नोकरी बदलायचे म्हटले तेव्हा वडिलांनी पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारला.

तरीही माझा निर्णय पगाराने झाला नाही आणि जोखमीनेही नाही. तो झाला कंपनीच्या रोस्टरमुळे. महिन्याचे वेळापत्रक आधी हाती येई, पण ते पाळले जाईल याचा भरवसा नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून मिरवतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात. माझ्या मुलाच्या पहिल्या तिन्ही तान्ह्या पोळ्यांना मला सुट्टी मिळालेली होती आणि तिन्ही वेळा आदल्या रात्री फोनवर बदललेले रोस्टर येऊन धडकले. तिसऱ्या वेळी तर मी मुंबईच्या विमानतळावर नागपूरच्या विमानाची वाट पाहत बसलो होतो. तक्रार कोणाकडे करावी हेही कळत नसे, कारण बदल करणारा माणूस कधी दिसतच नसे.

दलात सुट्ट्या जास्त मिळतात असे मी म्हणणार नाही. कदाचित कमीच मिळतात, आणि निवडणुकीच्या काळात तर रजेचे नावही काढू नये. रात्री-अपरात्री बोलावणे इथेही येते, पण ते का आले हे समोरचा माणूस सांगतो. रजेचा अर्ज मला नावानिशी ओळखणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो आणि मंजुरी असो वा नकार, माझ्या अनुभवात उत्तर वेळेवर येते. इतरांचा अनुभव निराळा असू शकेल.

यंदाची पोळ्याची रजा नाकारली गेली. ते मला जूनमध्येच समजले, त्यामुळे मुलाचा बैल घेऊन मामाने जायचे असे ठरले आणि बैलाच्या चाकांना रंग द्यायला मी जुलैतच घरी जाऊन आलो.